यंत्र आमचे, दाराची किल्ली कोणाची?

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण ज्याने प्रथम काढली त्याने संगणक पाहिलेला नव्हता. सबब त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण जे लोक रोज दहा-दहा तास संगणकापुढे बसतात, त्यावर पोट भरतात, दुकानाच्या पाटीवर ‘तज्ज्ञ’ म्हणून मिरवतात, त्यांनीही तीच म्हण आपल्या तोंडावर फेकावी, याला काय म्हणावे? “एका यंत्रावर एकच ऑपरेटिंग सिस्टिम. दुसरी घातलीत तर दोन्ही जातील!” हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत निदान पाच जणांच्या तोंडून ऐकले, आणि पाचही वेळा ते गीतेवर हात ठेवून सांगितल्यासारखे सांगितले गेले. ते साफ खोटे आहे. त्या खोट्याची किंमत आपली मध्यमवर्गीय घरे, खेड्यापाड्यांतल्या शाळा आणि काही अंशी आपली मराठी भाषा मोजीत आहे, म्हणून ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटात हा विषय वाढण्याचे धाडस करतो. चिवड्यात एखादी मिरची दाताखाली यायचीच!

ऑपरेटिंग सिस्टिम हे शब्द ऐकून घरातल्या आजीबाईंनी पान उलटू नये. संगणक म्हणजे शेवटी निर्जीव सामान. पडदा, कळफलक, हार्ड डिस्क, छपाईचे यंत्र. यांतल्या कोणाचीही कोणाशी ओळख नसते. तुम्ही कळ दाबली की पडद्यावर ‘क’ उमटवायचा, तो कोठे साठवायचा, कागदावर केव्हा उतरवायचा, हे सारे पाहणारा एक कारभारी लागतो. तो कारभारी म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्या बहुतेक घरांत तो यंत्राबरोबरच येतो आणि त्याचे नाव विंडोज असते. त्याचा पगार यंत्राच्या किमतीत आधीच वळता झालेला असतो, म्हणून तो फुकट आल्यासारखा वाटतो, इतकेच.

दुसरा कारभारी आहे लिनक्स. १९९१ च्या ऑगस्टमध्ये फिनलंडातल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौसेखातर असे काहीतरी करीत आहोत, असे जाहीर केले. त्याआधी आठ वर्षे, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या नावाने मुक्त प्रणालीची घोषणा केली होती. दोन्ही कामे एकमेकांना मिळाली, जगभरच्या हजारो माणसांनी त्यांत भर घातली, आणि आज हा कारभारी कोणीही उतरवून घ्यावा, शेजाऱ्याला द्यावा, येत असेल तर त्यात बदल करावा, अशी मोकळीक आहे. उबुंटू, डेबियन, फेडोरा, मिंट ही याच घराण्यातली मुले. स्वभाव थोडे वेगळे, रक्त एक.

आता मुद्दा असा की, हे दोन कारभारी एका यंत्रात नांदतील काय? जुन्या पुण्यातल्या वाड्यात ज्यांचे बालपण गेले आहे त्यांना हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल. एका वाड्यात आठ-आठ बिऱ्हाडे राहत. प्रत्येकाच्या दोन खोल्या, चूल वेगळी, दाराला कुलूप वेगळे. देवडी मात्र सर्वांची एक. संगणकाच्या हार्ड डिस्कचेही तेच आहे. तिचे भाग पाडता येतात. एका भागात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स, आणि हवा असल्यास तिसरा भाग दोघांच्या सामाईक वापराचा. जशी वाड्यातली विहीर. यंत्र सुरू केले की देवडीवर एक छोटी यादी दिसते: कोणाकडे जायचे आहे? तुम्ही बोट दाखवायचे, तो कारभारी उठतो आणि दुसरा निजलेला राहतो. एका वेळी एकच जागा असतो. त्यामुळे भांडण व्हायला दोघांची गाठच पडत नाही.

आणि ही काही कोणा उपद्व्यापी पोराने अलीकडे काढलेली पळवाट नव्हे. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला, तेव्हा त्यासाठी एक नव्हे, तीन प्रणाली जाहीर केल्या होत्या. त्यांतल्या एकीची किंमत ४० डॉलर आणि दुसरीची २४० डॉलर, तेव्हा गिऱ्हाईक कोणीकडे वळले हे सांगायला ज्योतिषी नको! १९८३ साली त्याच कंपनीच्या पुढच्या यंत्रात हार्ड डिस्क आली. केवढी म्हणाल, तर १० मेगाबाइटची, म्हणजे आजच्या मोबाइलमधली दोन-तीन छायाचित्रे मावतील एवढी. पण त्या टीचभर डिस्कच्याही पहिल्या खणात विभागणीचा तक्ता होता आणि त्यात चार भागांची सोय केलेली होती. पहिला खण ५१२ बाइटांचा. त्यात ४४६ बाइट सुरुवात करून देणाऱ्या आज्ञांना, ६४ बाइट चार भागांच्या नोंदींना आणि उरलेले २ बाइट खुणेला. ज्यांनी ही आखणी केली त्यांना एका यंत्रात एकाहून अधिक बिऱ्हाडे येतील हे ठाऊक होते, किंबहुना त्यासाठीच त्यांनी जागा सोडली. चाळीस वर्षांपूर्वी १० मेगाबाइटांत चार बिऱ्हाडांची सोय होती, आणि आज पाचशे गिगाबाइटांच्या डिस्कवर दोन मावत नाहीत म्हणे!

मग ही भीती आली कोठून? ती आपोआप आलेली नाही. देवडी ज्याच्या ताब्यात, वाडा त्याच्या ताब्यात, हे धंदेवाल्यांना आपल्याआधी कळले.

एक जुनी हकीकत सांगतो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात, ॲपल सोडून आलेल्या जाँ-लुई गासे यांनी ‘बी’ नावाची कंपनी काढून एक नवी प्रणाली तयार केली. ती चपळ होती आणि तिचे चाहतेही होते. त्यांचे मागणे मोठे नव्हते: यंत्रावर विंडोज राहू द्या, शेजारी आमच्या प्रणालीला एक भाग द्या आणि सुरुवातीला निवड गिऱ्हाइकाला करू द्या. जपानच्या हिताचीने तसे यंत्र काढलेही. डिस्कवर दोन्ही प्रणाली होत्या. पण सुरुवातीची ती यादी मात्र नव्हती. यंत्र सुरू केले की थेट विंडोज. दुसरे बिऱ्हाड आत होते, सामानसुमानासह होते, पण त्याचे दार लिंपून टाकलेले. बीने २००२ साली मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. यंत्रे बनवणाऱ्यांशी केलेल्या करारांतूनच ही दुसरी निवड दाबून टाकली, असे त्यांचे म्हणणे. २००३ साली २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो दावा मिटवला. चूक मात्र कबूल केली नाही. तोवर बी कंपनीचा कारभार आटोपला होता. २००१ सालीच तिची मालमत्ता दुसऱ्या कंपनीने विकत घेतली होती. वाचकहो, ही यादी काही क्षणांपुरती पडद्यावर दिसते. त्या काही क्षणांसाठी एवढे पैसे मोजले जातात, यावरून त्या क्षणांचे मोल किती ते ओळखा.

पुढे दाराला कुलूपही आले. २०१२ साली विंडोज ८ बरोबर ‘सिक्युअर बूट’ नावाची व्यवस्था घरोघर पोचली. तिचा हेतू वाईट नाही. यंत्र सुरू होताना एखादी चोरटी आज्ञावली आधीच आत शिरू नये म्हणून ज्याच्यावर ओळखीची सही असेल त्यालाच ती आत सोडते. पण सही कोणाची? यंत्रांत आधीपासून भरलेली किल्ली मायक्रोसॉफ्टची. उबुंटू, फेडोरा यांच्यासारख्यांनाही आपला दारवान मायक्रोसॉफ्टकडून सही करून आणावा लागतो! २०१२ च्या नियमांत, आपल्या नेहमीच्या संगणकांवर हे कुलूप मालकाला काढता आले पाहिजे, अशी अट तरी होती. २०१५ साली विंडोज १० च्या वेळी ती अट सैल झाली आणि निर्णय यंत्र बनवणाऱ्यावर सोडला गेला. ॲपलचे चरित्रही फार वेगळे नाही. २००६ साली त्यांनी स्वतःच ‘बूट कॅम्प’ देऊन आपल्या यंत्रावर विंडोज घालण्याची सोय केली, तिचा मोठा गाजावाजा झाला. २०२० साली स्वतःची चिप आणली आणि त्या यंत्रांवरून ती सोय गेली. म्हणजे दिलेली खिडकी केव्हा बुजेल याचा भरवसा नाही.

आता वर्तमानाकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला बरोबर एक आठवडा असताना, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. घरगुती ग्राहकांना एका वर्षाची वाढीव मुदत देऊ केली, पण ती नोंदणी करणाऱ्यांना. पुढच्या विंडोज ११ साठी मात्र अटींची जंत्री आहे: टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप हवी, सिक्युअर बूट झेपले पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा हवा. जे यंत्र २०१६ साली हप्त्यांनी घेतले, ज्यावर मुलीने बारावीचा अभ्यास केला, टाळेबंदीत ज्यापुढे अख्खे घर बसले, ते धडधाकट असूनही कागदोपत्री बाद! नाडी चालू आहे, श्वास चालू आहे आणि डॉक्टर मृत्यूचा दाखला लिहून मोकळा.

हा दाखला घेऊन आमच्या गावातला एक दुकानदार दारोदार हिंडला. “मास्तर, हे आता भंगार. हजार-बाराशेत उचलतो, नवीन देतो.” मी म्हटले, यावर लिनक्स घालता येते. त्यावर त्याने जी मुद्रा केली तशी मुद्रा मी फक्त, वरपक्षाला हुंडा नको म्हटल्यावर मध्यस्थाच्या तोंडावर पाहिली आहे. लगेच तो म्हणाला, “मग तुमचे जुने काम कशावर करणार? लिनक्स घालायचे तर विंडोज पुसावे लागेल.” हीच ती मखलाशी! पुसावे लागत नाही. त्याला ते ठाऊक नसेल तर त्याने पाटी उतरवावी; ठाऊक असूनही तो तसे बोलत असेल, तर त्याच्यासाठी जो शब्द आहे तो दिवाळी अंकात शोभणार नाही.

परंतु माझे भांडण एकट्या दुकानदाराशी नाही. लिनक्सच्या भक्तांतही सोवळ्याचा एक पंथ आहे. त्यांचे म्हणणे, विंडोज समूळ पुसून टाका, गंगाजल शिंपडा, मगच आमच्या पंगतीला या. दोन प्रणाली ठेवणारा त्यांच्या लेखी बाटगा! या मंडळींना मी एकच विचारतो: मराठी लेखकाच्या टेबलाचा खण कधी उघडून पाहिला आहे का?

युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश १९९१ साली, त्याच्या पहिल्या आवृत्तीतच झाला. लिनक्सचे आणि त्याचे जन्मवर्ष एकच. पण सर्वसामान्य संगणकांवर ते पोचायला २००० साल उजाडले, आणि आपल्या छापखान्यांत रुळायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला. मधल्या काळात आपली सारी अक्षरजुळणी निरनिराळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत झाली. त्या फॉन्टांची युक्ती अशी की, यंत्राच्या दृष्टीने आत इंग्रजी अक्षरेच भरलेली, फक्त वरचा मुखवटा देवनागरीचा. मुखवटा असला तर ‘आई’ दिसणार. नसला तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चुराडा. शेकडो मराठी पुस्तके, दिवाळी अंक, शाळांचे दाखले, पतसंस्थांचे अहवाल आजही असल्या फाइलींत पडून आहेत. माझ्या पहिल्या कादंबरीची मुद्रणप्रत अशीच एका फाइलीत आहे. ती उघडणारी आज्ञावली विंडोजवरच चालते, तिला लागणारी जुळणीची आज्ञावलीही विंडोजवरच चालते, आणि ती विकणारे दुकान केव्हाच बंद झाले. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये उतरवता येतो, पण जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांत तेल घालून तपासावे लागतात. माझी एकट्याची तीनशे पाने आहेत. ज्या प्रकाशकाकडे चाळीस वर्षांची यादी आहे त्याचे काय? त्याला “विंडोज पुसा” म्हणणारा आणि आजोबांची बखर रद्दीत घालणारा, या दोघांत मला फारसे अंतर दिसत नाही. वाण्याच्या दुकानातली टॅलीची खाती, शाळेचा जुना निकालपत्रकांचा कार्यक्रम, ही त्याच जातीची उदाहरणे.

म्हणून मी म्हणतो, दोन्ही ठेवा; आणि कामे वाटून द्या. ज्या विंडोज १० ची देखभाल थांबली तिला उघड्या इंटरनेटवर मोकाट सोडणे धोक्याचे आहे, यात दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. तर मग तिला घरी बसवा. तिचे वाय-फाय बंद करा, इंटरनेटची तार काढा, आणि जुन्या फाइली, जुने फॉन्ट, जुनी खाती एवढेच तिचे काम ठेवा. बँक, टपाल, वर्तमानपत्रे, मुलांचे धडे, यांसाठी लिनक्स. तिच्या सुधारणा नित्य येतात आणि त्यांचे पैसे पडत नाहीत. लिब्रेऑफिस त्यात असतेच, इन्स्क्रिप्टचा मराठी कळफलक असतो, ‘लोहित’ हा देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो. आजी घरात, सूनबाई कचेरीत. दोघींचा मान राहतो आणि घर चालते.

“हे सारे हौशी लोकांचे खेळ,” असे नाक मुरडणारेही भेटतात. त्यांनी खिशातला फोन बाहेर काढून पाहावा. तो अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या बुडाशी लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत बलाढ्य पाचशे महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या पाचशेच्या पाचशे यंत्रांवर लिनक्स आहे. मग खेळ कोणाचा चालला आहे? दुसरे काही जण सुचवतात की, विंडोजच्या आतच खिडकी उघडून त्यात लिनक्स चालवावे. चालते, नाही असे नाही. पण त्याला दोन्ही कारभाऱ्यांना एकाच वेळी जेवू घालावे लागते, आणि चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रात एकाचीच भाकरी असते. नव्या, दणकट यंत्रवाल्यांनी तो मार्ग खुशाल धरावा.

आता धोका काहीच नाही असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणारा मास्तर नव्हे, दलाल. धोके आहेत, पण ते भुताखेताचे नाहीत, मोजून सांगता येण्याजोगे आहेत. माझे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. मुलांना मराठी शिकवतो, उरलेल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. मी आजवर सात यंत्रांवर ही दुहेरी मांडणी केली आहे, तेव्हा हे काम इंजिनियराचेच, हा बाऊ कोणी मला दाखवू नये.

पहिली गोष्ट, यंत्राला हात लावण्याआधी फोटो, कागदपत्रे, लिखाण यांची दुसऱ्या डिस्कवर प्रत करा. ती प्रत उघडून पाहा. या वाक्यावर मी वर्गात छडी आपटली असती. दुसरी गोष्ट, विंडोजने डिस्क सांकेतिक लिपीत कुलूपबंद केलेली आहे का ते तपासा. असल्यास तिची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून घ्या, कारण सुरुवातीच्या व्यवस्थेत थोडा जरी बदल झाला तरी ती पुढच्या खेपेला मागितली जाऊ शकते. मग विंडोजच्या आतूनच, तिच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, तिचा भाग आखडून घ्या आणि पन्नासेक जीबी जागा मोकळी करा. परक्याने भिंत हलवण्यापेक्षा घरच्याने हलवलेली बरी. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू किंवा मिंट उतरवून घ्या, आणि ती यंत्रात न बसवता नुसती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. आवाज येतो का, वाय-फाय लागते का, छपाई होते का? एक दिवस पाहुणी म्हणून राहू द्या. पटली तर बिऱ्हाड द्या. बसवताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय निवडा. ‘डिस्क पुसा’ असाही एक पर्याय तेथेच असतो. पाच जणांच्या शपथांचा उगम बहुधा तेथे आहे: कोणीतरी घाईने तो दाबला आणि गावभर सांगत सुटला की दोन्ही गेल्या!

क्रमही महत्त्वाचा. विंडोज आधी, लिनक्स नंतर. जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर विंडोज नंतर बसवली तर ती देवडीवरचा दारवान हाकलून आपला माणूस उभा करते. शेजारी कोणी राहते याची तिला दखलही नसते. लिनक्सचा ‘ग्रब’ नावाचा दारवान मात्र दोघांचीही नावे पुकारतो. तोही अगदी निर्दोष नाही हो! २०२१ च्या आवृत्तीपासून सुरक्षिततेचे कारण सांगून त्याने शेजारच्या प्रणाली आपणहून शोधणे बंद केले, त्यामुळे कधी कधी विंडोजचे नाव यादीतून गायब होते आणि घरात आकांत होतो. विंडोज जेथल्या तेथे असते. दारवानाला एक ओळ लिहून समज द्यावी लागते.

आणखी दोन खोड्या सांगतो, कारण त्यांनी माणसे उगाच घाबरतात. विंडोज ८ पासून ‘बंद करा’ म्हटल्यावर विंडोज पुरती बंद होत नाही. पुढच्या खेपेला लवकर उठता यावे म्हणून अर्धवट निजते. बिऱ्हाडकरू गावाला गेला असे आपण समजावे आणि तो आतून कडी घालून झोपलेला असावा, तसे हे. अशा वेळी लिनक्स तिच्या भागात काही लिहायला नकार देते आणि ते योग्यच आहे. ‘फास्ट स्टार्टअप’ ही सवय विंडोजच्या सेटिंगमधून मोडली की प्रश्न मिटतो. दुसरी खोडी घड्याळाची, आणि ती मला फार आवडते. यंत्राच्या पोटात एक छोटे घड्याळ असते. विंडोज समजते ते स्थानिक वेळ दाखवते. लिनक्स समजते ते जागतिक वेळ दाखवते. परिणाम? लिनक्स वापरून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे, आणि विंडोजमधून लिनक्समध्ये आलात की इंटरनेट लागेपर्यंत साडेपाच तास पुढे! पहाटेच्या अभ्यंगस्नानाला उठलेला माणूस आदल्या रात्रीत जाऊन पडतो. यंत्र बिघडले म्हणून लोक ते दुकानात नेतात, आणि तेथे ‘मदरबोर्ड गेला’ असे ऐकून येतात. लिनक्सला एका ओळीची आज्ञा दिली की तीही स्थानिक वेळ मानते. एका ओळीची! मदरबोर्ड नव्हे.

खरी आगळीक झाली ती वेगळीच. १३ ऑगस्ट २०२४ रोजी विंडोजची एक सुरक्षा-सुधारणा निघाली. ग्रबच्या जुन्या, सदोष आवृत्त्या रोखणे हा तिचा हेतू. ज्या यंत्रांवर दोन प्रणाली आहेत त्यांना ही सुधारणा लागू होणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने आधी सांगितले होते. प्रत्यक्षात कितीतरी दुहेरी यंत्रांवर ती लागू झाली आणि सकाळी लिनक्स निवडल्यावर, काहीतरी फारच बिघडले आहे, अशा अर्थाचा संदेश देऊन यंत्र बंद पडू लागले. तात्पुरते उपाय सांगण्यात आले. कायमची दुरुस्ती आली २०२५ च्या मे महिन्यात. नऊ महिने! एका भाडेकरूने दुरुस्तीच्या नावाखाली दुसऱ्याच्या दाराला कुलूप घालावे आणि नऊ महिन्यांनी म्हणावे, आता उघडले हो. आणि याच उदाहरणाकडे बोट दाखवून आमचे ‘तज्ज्ञ’ म्हणतात, “पाहा, आम्ही सांगत नव्हतो? दोन प्रणाली ठेवू नका!” ज्याच्या घराला बाहेरून कुलूप लागले त्यानेच घर सोडावे, हा न्याय कोणत्या गावचा? अशा प्रसंगासाठी तो पेन ड्राइव्ह फेकू नये, कपाटात ठेवावा. यंत्र त्यावरून सुरू होते आणि आपले कागद सुखरूप असल्याचे दिसते.

नवे यंत्र घ्यायचेच असेल, लग्नसराईत किंवा पाडव्याला, तर दुकानदाराला रंग आणि पिशवी यांच्याआधी तीन गोष्टी विचारा. सिक्युअर बूट मालकाला बंद करता येते का? डिस्क बदलता येते का? पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू होते का? तो गडबडला तर दुसऱ्या दुकानात जा. हजारो रुपये मोजून घेतलेल्या घराच्या दाराची किल्ली आपल्याकडे आहे की नाही, एवढे विचारायला संकोच कसला?

आता शाळांविषयी, कारण माझे खरे दुखणे तेथे आहे. आमच्याकडे संगणक शिकवणे म्हणजे एका कंपनीच्या पडद्यावर कोठे टिचकी मारायची ते पाठ करून घेणे. उद्या कंपनीने बटण डावीकडून मधोमध नेले की आमचा विद्यार्थी अडाणी! (विंडोज ११ मध्ये नेमके तेच झाले आहे.) केरळने २००० नंतरच्या दशकातच आपल्या शाळांतले संगणक मुक्त प्रणालीवर नेले, शिक्षकांना शिकवले, पुस्तके तशी काढली, आणि तिथली मुले दहावीची संगणकाची परीक्षा तिच्यावर देतात. तिथल्या मुलांना काय ब्रह्मदेवाने वेगळी बोटे दिली आहेत? आम्ही तेवढेही करायला नको. आहे त्या यंत्रावर दुसरे बिऱ्हाड दिले तरी पुरे. ज्या मुलाने यंत्र सुरू करताना दोन नावांची यादी पाहिली आहे, त्याला निदान हे कळते की कारभारी निवडता येतो.

आमच्या शाळेच्या भांडारखोलीत बारा संगणक प्लास्टिकखाली ठेवलेले आहेत. वय दहा वर्षांच्या आतबाहेर, दोघांच्या कळफलकांच्या काही कळा गेलेल्या, बाकी सारे चालू. सुट्टीनंतर शाळा समितीपुढे त्यांच्या निर्लेखनाचा ठराव येणार आहे आणि त्याला जोडून नव्या खरेदीचे दरपत्रक आहे. दरपत्रक कोणाचे ते सुज्ञांस सांगणे न लगे. मी एक पानाचा अर्ज दिला आहे. एक पेन ड्राइव्ह, दोन जुने कळफलक बदलण्याचा खर्च, आणि ओळीने चार शनिवारच्या दुपारी. एका दुपारी तीन यंत्रे. दाखल्यांचा जुना कार्यक्रम विंडोजवर राहील आणि मुले दुसऱ्या बाजूला बसतील. समितीचे एक सभासद मला वाटेत भेटले तेव्हा म्हणाले, “मास्तर, फुकटच्या वस्तूचे बिल कसे लावायचे? हिशेबतपासनीस विचारील ना!” मी त्यांना सांगितले, शून्य रुपयांचे बिल मी स्वतः लिहून देतो आणि खाली सही करतो.